अपडेटनंतर ऑफिसच्या मशीनवर क्रोम उघडतो, पण प्रत्येक पान लगेच कोसळतं (सांगली, मार्केट यार्ड)

यार्डकर

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा तातडीने हवी आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीत मी हिशोबाचं आणि संगणकांचं असं दोन्ही काम बघतो. डझनभर मशीन आहेत, बहुतेकांवर विंडोज ११. शनिवारी एएमसीवाल्यांचा (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट असलेल्यांचा) नवीन मुलगा येऊन सगळीकडे क्रोम अपडेट करून गेला, कारण बँकेची साइट 'ब्राउझर जुना आहे' म्हणून लॉगिनच करू देत नव्हती. आज सकाळपासून निम्म्याहून जास्त मशीनवर क्रोमची खिडकी उघडते, टॅब दिसतो आणि पान यायच्या जागी ते उदास तोंडाचं चित्र आणि 'ऑ, स्नॅप!' एवढंच येतं. जीएसटी उघडा, ई-वे बिल उघडा, साधं गुगल उघडा, सगळीकडे तेच. सेटिंग्जचं पानसुद्धा उघडत नाही. दोन मशीन दुपारपर्यंत व्यवस्थित चालल्या, पण ब्राउझर बंद करून परत उघडल्यावर त्याही गेल्या.

मशीन रिस्टार्ट करून झाली. एका मशीनवर क्रोम काढून पुन्हा टाकला, फरक शून्य.

हंगाम चालू आहे. सकाळी सौदे झाले की दुपारी गाड्या भरायला लागतात आणि परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतंच. आत्ता दोन गाड्या भरून उभ्या आहेत. ड्रायव्हर सारखा खिडकीत येऊन विचारतोय. त्यात ११ तारखेचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, डोक्यावर आहे. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

विश्रामबागी

दादा, कॅशे आणि कुकीज साफ करा, मग सगळे एक्स्टेन्शन काढा. नाहीच झालं तर विंडोजच फॉरमॅट मारा, एका दिवसाचं काम आहे.

कृष्णाकाठ

यार्डकर, फॉरमॅट अजिबात मारू नका, आणि पुन्हा अनइन्स्टॉलही करू नका. आधी गाड्या सोडवा, बाकी मागाहून बघू.

ई-वे बिलाचं पोर्टल फोनवरच्या ब्राउझरमध्ये उघडतं. युजर आयडी-पासवर्ड असेल तर तिथूनच बिल काढा आणि पीडीएफ ड्रायव्हरच्या व्हॉट्सअॅपवर टाका. पोर्टलवर मोबाइल नंबर एसएमएससाठी आधीच नोंदवलेला असेल तर एसएमएसनेही बिल निघतं. आणि एका मशीनवर फायरफॉक्स टाकून बघा. त्याचं इंजिन वेगळं आहे, त्यामुळे तो बहुतेक चालेल आणि आजचा दिवस निघेल. मायक्रोसॉफ्टच्या एजवर विसंबू नका. २०२० च्या जानेवारीपासून एज क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर उभा आहे. क्रोम ज्या कारणाने पडतो त्याच कारणाने बऱ्याचदा तोही पडतो.

गाड्या गेल्या की एवढं सांगा:

'ऑ, स्नॅप!'च्या खाली बारीक अक्षरात एरर कोड असतो, तो जसाच्या तसा. क्रोमची आवृत्ती. ज्या मशीन पडल्या त्यांच्यावर असं काय आहे जे न पडलेल्यांवर नाही: अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या यूएसबी उपकरणाचा) ड्रायव्हर, काहीही. आणि शनिवारच्या आधी क्रोमची कोणती आवृत्ती होती ते कुणाला आठवतंय का.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे सेटिंग्जचं पानसुद्धा उघडत नाही ही. ते पान इंटरनेटवरून येत नाही, ते क्रोमच्या पोटातलंच आहे. तेही पडतंय म्हणजे दोष साइटचा नाही, नेटचा नाही, कॅशेचा नाही आणि बहुतेक एक्स्टेन्शनचाही नाही. क्रोममध्ये खिडकी ही एक प्रोसेस असते, आणि पान रंगवायला वेगळ्या प्रोसेस उठतात, त्यांना रेंडरर म्हणतात. एक पान मेलं तरी बाकीचा ब्राउझर जगावा म्हणून ही रचना. तुमच्याकडे खिडकी जिवंत आहे आणि प्रत्येक रेंडरर जन्मतःच मरतोय. मला तरी वाटतं की कुणीतरी बाहेरचं त्याच्या अंगात शिरायला बघतंय.

मिरजेची_ताई

यार्डकर दादा, मी मिरजेत एका दवाखान्याच्या बिलिंगला आहे. आमच्याकडेही अपडेट आलं की टॅब पडायचे. काउंटरसमोर पेशंटचे नातेवाईक रांगेत उभे, आणि बिल अर्ध्यात गेलं की लोक आमच्यावरच ओरडतात. शेवटी आमच्या ओळखीच्या एका टेक्निशियनने सर्व्हिसेसमध्ये जाऊन गुगल अपडेटच्या सर्व्हिस डिसेबल केल्या आणि जुनी आवृत्ती टाकून दिली. तेव्हापासून त्रास पुष्कळ कमी आहे. तुम्हीही तेच करा.

कृष्णाकाठ

ताई, रांग समोर असताना माणूस हाताला येईल तो उपाय करतो, ते मला पटतं. पण अपडेट बंद ठेवणं धोक्याचं आहे आणि तुमच्या जागेसाठी तर फारच. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रांच्या लायब्ररीत भोक सापडलं होतं. सुरक्षेतल्या दोषांच्या यादीतली नोंद सीव्हीई-२०२३-४८६३. नुसतं चित्र पानावर दिसलं तरी हल्ला होऊ शकत होता, आणि तो होत असल्याचं उघड झाल्यावरच दुरुस्ती बाहेर आली. क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांना ती घ्यावी लागली. ज्यांचं अपडेट बंद, त्यांच्याकडे ते भोक तसंच राहिलं. तुमच्या मशीनवर लोकांच्या आजाराची माहिती आहे ताई.

तुमचे टॅब का पडत होते ते वेगळं शोधू. आधी दादांचं बघतो.

यार्डकर

गाड्या गेल्या. फोनवरून बिलं निघाली. फायरफॉक्सही चाललाय, दिवाणजींचं काम सुरू झालं. कृष्णाकाठ, मनापासून आभार.

आता माहिती. कोड सगळ्या मशीनवर एकच: स्टेटस_इनव्हॅलिड_इमेज_हॅश. एज उघडून बघितला, त्यावरही हाच. तो कधीपासून असा आहे ते सांगता येत नाही, कारण एज इथे कुणी उघडतच नाही.

आधीची आवृत्ती कळली. एका बंद पडलेल्या मशीनची हार्ड डिस्क कपाटात होती, ती जोडून बघितली. त्यावर ११४ आहे. म्हणजे अपडेट फार दिवस बंद होतं. आमच्याकडे आधी जे टेक्निशियन यायचे त्यांनी बंद केलं असणार, नवीन मुलाने शनिवारी ते चालू केलं.

न पडलेल्या मशीन दोन प्रकारच्या आहेत. एक काट्याच्या खोलीतली जुनी मशीन, तिच्यावर अँटिव्हायरसच नाही. दुसरा शेठजींचा नवा लॅपटॉप. त्यावर मात्र तोच अँटिव्हायरस आहे जो सगळीकडे आहे. पेन ड्राइव्ह बंद ठेवणारं आणि फाइल बाहेर अपलोड होऊ न देणारं पॅकेज आहे ते, दरवर्षी लायसन्स रिन्यू होतं. त्यामुळे अँटिव्हायरसचा संबंध नसावा असं मला वाटतंय.

कुपवाडचा_हार्डवेअर

दादा, थांबा, निष्कर्ष काढू नका. लायसन्स रिन्यू होणं वेगळं आणि प्रोग्रामची आवृत्ती नवी होणं वेगळं. व्हायरसच्या व्याख्या रोज येतात, पण मूळ एजंट, म्हणजे मशीनवर बसवलेला अँटिव्हायरसचा प्रोग्राम, चार-पाच वर्षांपूर्वीचा तसाच बसलेला असतो. एमआयडीसीत मी हे कायम बघतो. शेठजींच्या लॅपटॉपवरचा एजंट नवीन इन्स्टॉल केलेला असणार. दोन्हीकडे घड्याळाजवळच्या आयकॉनवर राइट क्लिक करून अबाउट बघा.

आणि हा कोड ओळखीचा आहे. इमेज म्हणजे इथे फोटो नव्हे, मेमरीत चढवायची प्रोग्रामची फाइल. तिची सही विंडोजला पटली नाही की हा कोड येतो. दोन चाचण्या करा, अर्ध्या तासात पक्कं कळेल.

पहिली. टास्क मॅनेजर उघडून क्रोमची एकही प्रोसेस शिल्लक नाही ना ते बघा. मग प्रोग्राम फाइल्समधल्या गुगल, क्रोम, अॅप्लिकेशन या फोल्डरात जा. तिथे क्रोम डॉट ईएक्सई दिसेल. तिची कॉपी त्याच फोल्डरात पेस्ट करा आणि कॉपीला दुसरं नाव द्या, समजा हळद डॉट ईएक्सई, इंग्रजी अक्षरांत. तिच्यावर डबल क्लिक करा. पानं उघडली तर समजायचं की कुणीतरी फाइलचं नाव बघून आत शिरतंय. हा फक्त तपास आहे, कायम असं वापरू नका. पुढच्या अपडेटला तुमची कॉपी मागे राहील.

दुसरी. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग कोडइंटेग्रिटी, मग ऑपरेशनल. क्रोम पडला त्या वेळेची ३०३३ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात कोणती प्रोसेस कोणती डीएलएल (प्रोग्रामला जोडली जाणारी कोडची फाइल) चढवायला गेली आणि सही चालली नाही, हे पूर्ण पाथसकट लिहिलेलं असतं.

यार्डकर

दोन्ही केलं.

हळद डॉट ईएक्सई डबल क्लिक केली आणि पहिल्या फटक्यात गुगल उघडलं. मग जीएसटी, बँक, सेटिंग्ज, सगळं. शेजारी मूळ क्रोम तसाच पडतोय. दिवाणजी मागे उभे राहून बघत होते, त्यांचा विश्वास बसेना.

३०३३ च्या नोंदींची रांग लागली आहे, क्रोम जितक्या वेळा पडला तितक्या. प्रत्येकीत डीएलएलचा पाथ एकाच फोल्डरातला आणि तो फोल्डर त्याच अँटिव्हायरसचा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तारीख २०१९ ची आहे. अबाउटमध्येही फरक दिसला: शेठजींच्या लॅपटॉपवरचा एजंट पूर्ण वेगळ्या, नव्या मालिकेतला आहे.

पण मग एक प्रश्न. हाच जुना एजंट इतकी वर्षं क्रोमबरोबर नांदत होता. आत्ताच का भांडण झालं?

विश्रामबागी

हे भारी आहे. मी फॉरमॅट मारा म्हणालो होतो, तो सल्ला कुणी ऐकू नका. लॉग कुठे असतो तेच मला आज कळलं.

कृष्णाकाठ

यार्डकर, उत्तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, असण्याची शक्यता आहे. रेजएडिट उघडून एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम इथे काय आहे ते बघून सांगा. तोवर मागची गोष्ट सांगतो.

सुरक्षेची सॉफ्टवेअर ब्राउझरच्या आत का शिरतात? आत बसलं की कोण काय अपलोड करतंय, कोणतं पान उघडतंय हे दिसतं, एनक्रिप्ट होण्याच्या आधी दिसतं. त्यासाठी ती आपली डीएलएल ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये घुसवतात. हेतू वाईट नसतो. पण आपल्या विहिरीवर दुसऱ्याने न विचारता मोटर बसवावी तसं ते आहे. पाणी कधी बंद पडेल याचा भरवसा राहत नाही. क्रोमच्या मंडळींनी नोव्हेंबर २०१७ मध्ये आकडे सांगितले होते: विंडोजवर क्रोम वापरणाऱ्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या मशीनवर क्रोमशी देवाणघेवाण करणारी दुसरी सॉफ्टवेअर असतात, आणि जिथे बाहेरचा कोड आत घुसवला जातो तिथे क्रोम पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी जास्त असतं. २०१८ मध्ये त्यांनी अशी घुसखोरी अडवायला सुरुवात केली.

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये ७८ वी आवृत्ती आली आणि तिच्यात रेंडरर कोड इंटेग्रिटी. अर्थ असा की पान रंगवणाऱ्या प्रोसेसमध्ये मायक्रोसॉफ्ट किंवा गुगलची सही नसलेली डीएलएल चढू द्यायची नाही. हे काम विंडोजच करतं, क्रोम फक्त ते चालू करतो. काही सुरक्षा सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना हे माहीत नव्हतं. त्या डीएलएल घुसवायला जायच्या, विंडोज नाही म्हणायचं, आणि रेंडरर उठायच्या आधीच संपायचा. जगभरच्या ऑफिसांत तेव्हा अगदी तुमच्यासारखंच चित्र दिसलं: खिडकी उघडी, सगळी पानं मेलेली, सेटिंग्जसकट. नाव बदलून क्रोम चालवायची युक्तीही तेव्हाचीच. त्या काळात कंपन्यांना जुळवून घ्यायला वेळ मिळावा म्हणून क्रोमने एक पॉलिसी, म्हणजे ऑफिसच्या मशीनवर लावायचं सेटिंग, दिली होती, रेंडररकोडइंटेग्रिटीएनेबल्ड. तिची किंमत शून्य केली की हा पहारा उठायचा. ती तात्पुरती आहे हे सुरुवातीपासून सांगितलेलं होतं आणि २०२३ मध्ये ती काढून टाकली.

यार्डकर

सापडलं. अगदी त्याच नावाची नोंद आहे, किंमत शून्य. सगळ्या पडलेल्या मशीनवर आहे. शेठजींच्या लॅपटॉपवर नाही.

कृष्णाकाठ

मग साखळी पूर्ण झाली. आधीच्या टेक्निशियननी तेव्हा पहारा उठवला, वर अपडेटही बंद केलं. ११४ व्या आवृत्तीपर्यंत ती पॉलिसी मानली जात होती, म्हणून जुना एजंट आत शिरत राहिला आणि कुणाला काही जाणवलं नाही. शनिवारी क्रोमने एकदम मोठी उडी मारली. नवी आवृत्ती त्या नोंदीकडे बघतच नाही. पहारा परत बसला, एजंट दारातच अडला. दुपारपर्यंत चाललेल्या त्या दोन मशीनचंही कोडं सुटलं: अपडेट डिस्कवर उतरलेलं असतं, पण ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत जुनीच आवृत्ती चालू राहते.

ताई, मी अपडेट बंद ठेवू नका म्हणालो ते यासाठीही. महिन्या-महिन्याला अपडेट येत राहिलं असतं, तर ही अडचण एकदाच, कमी गर्दीच्या दिवशी समोर आली असती आणि तेव्हाच एजंट बदलला गेला असता. थकलेलं सगळं ऐन हंगामात एका सोमवारी वसूल झालं.

आता उपाय. क्रोमला मागे नेऊ नका. एजंट पुढे न्या. कंपनीच्या सपोर्टला ३०३३ ची नोंद आणि एजंटची आवृत्ती पाठवा आणि नव्या मालिकेचा एजंट मागा. लायसन्स चालू आहे, तो तुमचा हक्क आहे. रजिस्ट्रीतली ती नोंद आता निरुपयोगी आहे, आधी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मग काढा.

साताऱ्याचा_पाव्हणा

मधेच विचारतो, क्षमा असावी. मी साताऱ्याला एका पतसंस्थेत आहे. आमच्या दोन मशीनवर अजून विंडोज ७ आहे. क्रोम पडत नाही, पण अपडेटच होत नाही. काही साइट अर्धवट उघडतात. हाच प्रकार का?

कुपवाडचा_हार्डवेअर

नाही पाव्हणं, तुमचं वेगळं आहे. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली तिला किमान विंडोज १० लागतं. ती मशीन त्यापुढे जाणारच नाही, कितीही वेळा इन्स्टॉल करा. लोकांच्या ठेवीचा हिशोब आहे तिथे, तर त्या मशीनवर नेट बंदच ठेवा आणि मशीन बदलायचा विषय पुढच्या मीटिंगला घ्या. नवा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

यार्डकर, एजंट मिळाला की सगळीकडे एकदम टाकू नका. जुलै २०२४ लक्षात आहे ना? एका सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. विमानतळ थांबले. सुरक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच्या फार खोलात बसतं, म्हणून आधी एका मशीनवर टाका. त्या मशीनवर मालाच्या हिशोबाची पट्टी काढा, जीएसटीत लॉगिन करा, डीएससी टोकन लावून सही करा, प्रिंट द्या, पेन ड्राइव्ह खरंच बंद राहतोय का ते बघा. संध्याकाळपर्यंत ठीक चाललं की मग बाकीच्या.

यार्डकर

सपोर्टशी बोललो. पहिल्यांदा त्यांनीही क्रोम रिइन्स्टॉल करा म्हणून सांगितलं. मग ३०३३ ची नोंद मेलवर टाकली आणि पुढच्या माणसाने लगेच मान्य केलं की या मालिकेला नवी क्रोम आवृत्ती चालत नाही. नवा एजंट आणि आधी मुख्य मशीनवरचा कन्सोल (सगळे एजंट सांभाळणारा प्रोग्राम) अपग्रेड करायची पद्धत पाठवली आहे. मुनीमजींच्या मशीनपासून सुरुवात करतोय.

एक विचारायचं होतं. बाकीच्या मशीनवर तोपर्यंत अँटिव्हायरस काढून ठेवू का? क्रोमची सवय असल्याने माणसं फायरफॉक्सला कंटाळली आहेत.

कृष्णाकाठ

नको. उघड्या मशीनवर बँकेचं काम करण्यापेक्षा एक दिवस फायरफॉक्स बरा. क्रोमच्या शॉर्टकटला नो-सँडबॉक्स, म्हणजे पानांना बंदिस्त ठेवणारं संरक्षण बंद करणारा पर्याय, लावायचा सल्लाही नेटवर मिळेल. तो तर कुलूपच काढून टाकतो. करू नका.

यार्डकर

मंडळी, झालं. मुनीमजींच्या मशीनवर काल दिवसभर सगळं तपासलं. टोकनची सही, पट्ट्यांचे प्रिंट, सगळं व्यवस्थित. आज बाकीच्या मशीनवर एजंट टाकला. क्रोम आणि एज दोन्ही सुरू. ३०३३ ची नवीन नोंद एकही नाही. जीएसटीआर-१ वेळेत जाईल.

फक्त आवक नोंदवणाऱ्या खिडकीवरची एक मशीन अजून त्रास देतेय. तिथे 'ऑ, स्नॅप!' येत नाही. क्षणभर खिडकी काळी होते आणि क्रोम पूर्णच बंद होतो. जास्त करून मोठी पीडीएफ उघडली की.

कुपवाडचा_हार्डवेअर

ते दुसरं दुखणं. काळी पडून खिडकीच जाते तिथे ग्राफिक्सवर संशय घ्यायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या वेळी विंडोज लॉग्ज, अॅप्लिकेशन, १००० क्रमांकाची नोंद. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' असं लिहिलेलं असेल. ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल निघाली तर क्रोमच्या सेटिंग्ज, सिस्टिममध्ये जाऊन ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करा आणि रीलाँच द्या. थांबलं तर मशीन ज्या कंपनीची आहे तिच्या साइटवरून त्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, भलत्या 'ड्रायव्हर अपडेटर'वरून नको. ड्रायव्हर टाकल्यावर अॅक्सिलरेशन परत चालू करा, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर राहतो.

यार्डकर

बरोबर. फॉल्टिंग मॉड्यूल ग्राफिक्स ड्रायव्हरचंच होतं. नवा ड्रायव्हर टाकला, अॅक्सिलरेशन चालू ठेवूनही पीडीएफ उघडतेय.

शेठजींनी विचारलंय की पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं. 'अपडेट बंदच ठेवा ना' असं तेही म्हणाले, पण त्यांना हा धागा वाचून दाखवला. आता ऐकायच्या मनःस्थितीत आहेत, तर नेमकं काय सांगू?

कृष्णाकाठ

दोन गोष्टी सांगा, दोन्ही फुकट आहेत.

तुमच्या स्वतःच्या मशीनवर क्रोमची बीटा आवृत्ती टाका. ती नेहमीच्या क्रोमशेजारी वेगळी बसते, एकमेकांना त्रास देत नाहीत. जे सर्वांना पुढच्या महिन्यात येणार ते तुम्हाला साधारण चार आठवडे आधी दिसेल. रोज सकाळी त्यात जीएसटी, बँक आणि ई-वे बिल एकदा उघडायचं. तुमच्या मशीनवर तोच एजंट असल्यामुळे काही भांडण असेल तर तिथेच कळेल, आणि सपोर्टला सांगायला वेळ हातात असेल.

दुसरं, क्रोम २०२१ पासून दर चार आठवड्यांनी मोठी आवृत्ती काढतो, पण कंपन्यांसाठी आठ आठवड्यांचा एक्स्टेंडेड स्टेबल चॅनेलही आहे. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, फक्त मोठे बदल निम्म्या वेगाने येतात. तुमच्याकडे डोमेन (सगळ्या मशीन एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नसणार, त्यामुळे क्रोम एंटरप्राइझ कोअर या गुगलच्या ऑनलाइन कन्सोलमध्ये मशीन नोंदवून ते लावता येईल. त्याच कन्सोलमध्ये कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे हेही एका जागी दिसतं. ११४ वर अडकलेलं मशीन तिथे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

एवढं करूनही सगळंच टळेल असं सांगू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये आवृत्ती न बदलताही टर्मिनल सर्व्हरवर (एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करतात तिथे) क्रोम वापरणाऱ्या ऑफिसांत टॅब पांढरे पडले होते. झाकलेल्या टॅबचं काम थांबवण्याचा एक प्रयोग गुगलने त्यांच्या बाजूने चालू केला होता, तक्रारी आल्यावर तो मागे घेतला. म्हणून फायरफॉक्स आता काढू नका, प्रत्येक मशीनवर राहू दे. त्यात बँक आणि जीएसटी चालतंय हे अधूनमधून बघत जा.

यार्डकर

बीटा आत्ताच टाकतो. एजंटची आवृत्ती आणि क्रोमची आवृत्ती यांची नोंद वहीत ठेवायला सुरुवात केली आहे, मशीननिहाय. एएमसीवाल्या मुलालाही ३०३३ ची नोंद दाखवली, त्याने फोटो काढून घेतला.

मिरजेची_ताई

कृष्णाकाठ दादा, हे सगळं वाचून आमच्या प्रशासनाशी बोलले. अपडेटच्या सर्व्हिस काल परत चालू करून घेतल्या. आज बिलिंगच्या एका मशीनवर टॅब पडला, तर या वेळी कोड लिहून घेतला: आउट ऑफ मेमरी. ३०३३ ची नोंद काही सापडली नाही. मशीनमध्ये रॅम ८ जीबी आहे.

कृष्णाकाठ

शाब्बास ताई. कोड हातात आला की निम्मं काम झालं. आता मेनूमध्ये हेल्प, अबाउट गुगल क्रोम उघडा. आवृत्तीच्या पुढे कंसात ३२ बिट लिहिलंय की ६४ बिट?

मिरजेची_ताई

३२ बिट. विंडोज मात्र ६४ बिट आहे.

कृष्णाकाठ

मग ते आहे. ३२ बिट क्रोममधल्या एका पानाला रॅम कितीही असली तरी ठरावीक मर्यादेपलीकडे मेमरी घेता येत नाही. लांबलचक रिपोर्टचा टॅब दिवसभर उघडा राहिला की तो तिथे धडकतो. गुगलच्या साइटवरून ६४ बिट इन्स्टॉलर घ्या. त्याआधी पासवर्ड मॅनेजरमधून सेव्ह केलेले पासवर्ड एक्स्पोर्ट करा, आणि ती फाइल काम झालं की डिलीट करा, उघडी ठेवू नका. जुना क्रोम काढताना 'ब्राउझिंग डेटाही डिलीट करा' या चौकटीत टिक नको, म्हणजे बुकमार्क जागेवर राहतील.

मिरजेची_ताई

तिन्ही काउंटरवर ६४ बिट टाकून झालं. बुकमार्क आहेत, पासवर्डची फाइल डिलीट केली. आज संध्याकाळची ओपीडी पूर्ण झाली, एकही टॅब पडला नाही. उद्या सकाळच्या रांगेत परत बघून इथे लिहिते.